विश्लेषण : गहू तांबेऱ्याशी कसा लढतो? त्यात ‘खपली’चा वाटा काय?

पुण्या-मुंबईच्या बाजारात गेल्या काही वर्षांत खपली गव्हाला चांगले दिवस आले आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव-धारवाड या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या होणारा, खिरीसाठी नावाजलेला हा गहू आता ‘आरोग्यदायी’ म्हणून साध्या गव्हापेक्षा चढ्या भावाने विकला जातो. त्या दाव्यांची चर्चा वेगळी. पण वनस्पतिरोगशास्त्राच्या जगात ‘खपली’ हा शब्द शंभर वर्षांपासून निराळ्याच कारणाने रुळलेला आहे. गव्हाचा जुना वैरी असलेल्या तांबेऱ्याला रोखणारी जनुके या गव्हात सापडली, ती अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेली आणि त्यातले एक जनुक आफ्रिकेतून उठलेल्या तांबेऱ्याच्या नव्या लाटेविरुद्धही उपयोगी ठरले. झाडाला ना रक्त, ना पांढऱ्या पेशी. रोग आला तरी जागचे हलता येत नाही. तरीही ते लढते. ते कसे, आणि एकदा जिंकलेली लढाई काही वर्षांनी पुन्हा का हरावी लागते, हे गव्हाच्या उदाहरणातून नीट समजते.

तांबेरा म्हणजे नेमके काय?

तांबेरा हा बुरशीजन्य रोग. गव्हावर तो तीन प्रकारे येतो. पानांवरचा तपकिरी-नारिंगी तांबेरा, मुख्यतः खोडावर येणारा काळा तांबेरा आणि उत्तर भारतातल्या थंडीत पानांवर रेघा ओढल्यासारखा दिसणारा पिवळा तांबेरा. महाराष्ट्राची गाठ पहिल्या दोघांशी पडते. तांबेरा पडलेल्या शेतातून चालत गेले की कपड्यांना गेरूसारखी भुकटी लागते, म्हणूनच त्याला गेरवा असेही नाव आहे. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एका बारीक फोडातून रोज हजारो बीजाणू सुटतात, वाऱ्याबरोबर पुढच्या झाडावर उतरतात आणि हवा पोषक असेल तर एक-दोन आठवड्यांत तिथे नवे फोड फुटतात. एका हंगामात अशी अनेक आवर्तने होतात. त्यामुळे परवापर्यंत हिरवे दिसणारे शेत बघता बघता तांबडे होते.

या बुरशीचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. ती झाडाला लगेच मारत नाही. तिला जिवंत पेशीच लागते. मेलेल्या पानावर ती वाढत नाही. पेशीत नळी घालून ती अन्न ओढत राहते आणि दाण्यात जायचे ते बुरशीच्या पोटात जाते. ओंबी बाहेरून ठीक दिसते, आतला दाणा मात्र सुरकुतलेला, हलका निघतो. काळ्या तांबेऱ्यात खोड कमकुवत होऊन पीक लोळते ते वेगळेच.

नुकसान किती होऊ शकते, याची मध्य भारताला चांगली ओळख आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखल्या जाणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर-नर्मदा प्रदेशात १८३०च्या आसपास पडलेल्या तांबेऱ्याचे आणि त्यातून आलेल्या हलाखीचे वर्णन लिहून ठेवले आहे. लोकांनी तेव्हा हा कोप कोणाकोणाच्या पापामुळे झाला याची चर्चा केली, असेही तो सांगतो. त्यानंतर शतकभराने, १९४६-४७ मध्ये, काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतात पुन्हा थैमान घातले. देशात धान्याची टंचाई आणि रेशनिंग सुरू असताना सुमारे २० लाख टन गहू या साथीत गेला असा अंदाज आहे.

हा रोग दर वर्षी येतो कुठून?

मैदानी भागात एप्रिल-मेच्या उन्हात तांबेऱ्याचा बीजाणू टिकत नाही. शेतात गहूही नसतो. मग पुढच्या डिसेंबर-जानेवारीत तांबेरा परत कसा येतो, हा प्रश्न आग्रा कॉलेजमधले प्राध्यापक करमचंद मेहता यांनी १९२०च्या दशकात हाती घेतला. युरोप-अमेरिकेत या कोड्याचे उत्तर ठाऊक होते. तिथे काळा तांबेरा आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा बार्बेरी नावाच्या झुडपावर काढतो. अमेरिकेने तर १९१८ पासून ही झुडपे उपटण्याची मोठी मोहीमच चालवली. आपल्याकडे हिमालयात बार्बेरीचीच बहीण, म्हणजे दारुहळद, भरपूर आहे. साहजिकच संशय तिच्यावर होता. मेहतांनी वर्षानुवर्षे नमुने गोळा करून दाखवले की भारतात त्या झुडपाचा या साथींशी संबंध नाही. इथे तांबेरा उन्हाळा काढतो तो थंड डोंगरांवरच्या गव्हावर, आणि तिथून वाऱ्याने मैदानात उतरतो. काळ्या तांबेऱ्याचे माहेर दक्षिणेत, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत.

१९७०च्या दशकात एस. नागराजन आणि हरभजन सिंग यांनी या प्रवासाचा पुढचा दुवा जोडला. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झाले आणि त्याचा मार्ग विशिष्ट दिशेचा असला, की दक्षिणेच्या डोंगरांवरचे बीजाणू उंच हवेतून शेकडो किलोमीटर उत्तरेला येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर मध्य भारताच्या कोवळ्या गव्हावर पडतात. ‘इंडियन स्टेम रस्ट रूल्स’ या नावाने हे निकष ओळखले जातात. म्हणजे नोव्हेंबरातल्या अवकाळीची चिंता द्राक्षवाल्याला असते, तशी गहूवाल्यानेही करायला कारण आहे.

झाडाला रोगप्रतिकारशक्ती असते का?

असते, पण आपल्यासारखी नाही. आपल्या शरीरात फिरते सैनिक असतात. झाडात प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते.

पानावर मेणाचा थर असतो, पेशींना जाड भिंती असतात. बहुसंख्य बुरशी इथेच थांबतात. तांबेऱ्याचा बीजाणू मात्र दवाच्या थेंबात रुजतो, त्याला एक धागा फुटतो आणि तो पानाच्या पृष्ठभागाचा चढउतार चाचपत पर्णरंध्र शोधतो. पान श्वासोच्छ्वास करते तेच हे छिद्र. त्यावर तो बूड टेकवतो, आत घुसतो आणि पेशीच्या भिंतीला भोक पाडून आपले शोषकांग आत सोडतो. म्हणूनच रात्रभर दव किंवा धुके राहिले तर तांबेरा फोफावतो. पान कोरडे असेल तर हा धागा निघतच नाही.

बुरशीच्या कवचात कायटिन असते. कोळंबीच्या सालीत असते तेच. झाडात हा पदार्थ कुठेच नसतो. त्यामुळे कायटिनचा तुकडा पेशीच्या बाहेर लागला, की पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांना परके कोणी आल्याचे कळते. लगेच पेशीत कॅल्शियम धावते, प्राणवायूची दाहक रूपे तयार होतात, भिंतीला आतून लिंपण घातले जाते आणि कायटिन पचवणारी विकरे सोडली जातात. ही पहिली फळी. भात, जवस, डाळिंब अशा सगळ्याच वनस्पतींत ती थोड्याफार फरकाने अशीच असते आणि बहुतेक घुसखोरांना ती पुरते.

तांबेऱ्याला पुरत नाही. हजारो वर्षे गव्हासोबत राहिलेल्या या बुरशीने ही फळी निकामी करण्याची युक्ती साधली आहे. शोषकांगातून ती शेकडो प्रकारची छोटी प्रथिने गव्हाच्या पेशीत सोडते. कोणी धोक्याची सूचना मध्येच अडवतो, कोणी साखर बाहेर काढायची दारे उघडतो. पेशी जिवंत राहते, पण हुकूम दुसऱ्याचा चालतो.

मग पेशी आत्महत्या का करते?

इथे दुसरी फळी उभी राहते. गव्हाच्या काही वाणांत पेशीच्या आत पहारेकरी प्रथिने असतात. बुरशीने सोडलेल्या प्रथिनांपैकी एखादे त्यांनी ओळखले, की ती पेशी स्वतःलाच मारून टाकते. आजूबाजूच्या काही पेशीही तसेच करतात. पानावर टाचणीच्या टोकाएवढा करडा ठिपका उरतो. जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीसाठी ही उपासमार असते. चार पेशींचा बळी देऊन पान वाचते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील एल्विन स्टॅकमन यांनी तांबेऱ्याचाच अभ्यास करताना १९१५ मध्ये या प्रतिक्रियेला ‘अतिसंवेदनशीलता’ म्हटले. हे नाव वरवर उलटे वाटते. रोगाला सर्वाधिक संवेदनशील असलेले पानच रोगापासून सर्वाधिक सुरक्षित असते.

हे पहारेकरी प्रथिन नेमके काय करते, याचे चित्र मात्र अगदी अलीकडे, २०१९ नंतर स्पष्ट झाले. गव्हाच्या ‘एसआर-३५’ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची रचना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘एसआर’ ही ‘स्टेम रस्ट’ची, म्हणजे काळ्या तांबेऱ्याची आद्याक्षरे. बुरशीचे विशिष्ट प्रथिन हाती लागले, की असे पाच पहारेकरी एकत्र येऊन पाच पाकळ्यांचे चक्र बनवतात, पेशीच्या पटलात रुततात आणि तिथे एक छिद्र तयार होते. त्यातून कॅल्शियम आत घुसते आणि पेशीच्या मरणाची प्रक्रिया सुरू होते.

ही व्यवस्था स्वस्त नाही. ती विनाकारण चालू राहिली तर झाड खुरटते. गहू पैदासकारांना याचा जुना अनुभव आहे. दोन उत्तम वाणांचा संकर करावा आणि त्याची रोपे कोणताही रोग नसताना पिवळी पडून वाळावीत, असे कित्येकदा घडे. त्यामागच्या दोन जनुकांपैकी एक म्हणजे तपकिरी तांबेऱ्याशी लढणारे ‘एलआर-१३’ आहे, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. पहारेकऱ्याने घरातल्याच माणसाला चोर समजावे, तसा हा प्रकार.

जवसाच्या शेतात काय सापडले?

प्रत्येक पहारेकरी एखादाच चेहरा ओळखतो. ही गोष्ट उलगडली ती गव्हात नव्हे, जवसात. नॉर्थ डकोटातील हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवस आणि त्यावरचा तांबेरा या दोघांचेही संकर करून पाहिले. वनस्पतीचा संकर सगळेच करत; रोगाच्या बुरशीचाही संकर करून तिची वंशावळ मांडणे ही त्यांची खासियत. त्यातून निष्कर्ष निघाला की जवसातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. दोन्ही समोरासमोर आली तरच झाड रोग ओळखते. बुरशीतले ते एक जनुक बदलले किंवा गळाले, की झाडातले जनुक शाबूत असूनही आंधळे होते.

प्रतिकारक वाण ‘पडते’ म्हणजे हेच होते. वाण बदललेले नसते. बियाण्यात खोट नसते. बुरशी बदललेली असते.

यात खपली कुठून आली?

एकाच तांबेऱ्याचे अनेक वंश असतात आणि ते डोळ्यांना सारखेच दिसतात. ते वेगळे कसे ओळखायचे? स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी लेव्हिन यांनी १९२२ मध्ये यासाठी १२ गव्हांचा एक संच ठरवला. आलेला तांबेरा या बाराही गव्हांच्या रोपांवर टाकायचा आणि कुठे फोड येतात, कुठे नुसते ठिपके, यावरून त्याला क्रमांक द्यायचा. दशकानुदशके जगभर हीच पद्धत चालली. या बारांत मार्क्विस, लिटल क्लब, कुबांका अशी नावे होती आणि यादीच्या शेवटी होते ‘खपली’. बाकीचे गहू एकामागून एक कोणत्या ना कोणत्या वंशाला बळी पडत असताना खपलीवर मात्र बहुतेक वंशांचे काही चालत नसे.

खपली हा आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हाहून वेगळ्या जातीचा. पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे, यात २८. मळणी केली तरी दाण्यावरचे तूस सुटत नाही, तो कांडावा लागतो. नावही त्यावरूनच पडले असावे. गुणसूत्रांच्या या फरकामुळे दोघांचा संकर अवघड, आणि झाला तरी संतती बरीचशी वांझ निघते. सिडनी विद्यापीठातील वॉल्टर वॉटरहाउस यांनी तो तडीस नेला. खपली आणि स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाच्या संकरातून निघालेल्या वाणाचे नाव त्यांनी ‘खपस्टीन’ ठेवले. खपलीतली एसआर-१३ आणि एसआर-१४ ही जनुके त्यातून पोळीच्या गव्हात आली.

अमेरिकेत खपलीचा उपयोग संकटकाळी झाला. १९५३ आणि १९५४ मध्ये ‘१५-बी’ नावाच्या वंशाने तिथला ड्युरम, म्हणजे पास्त्याचा बक्षी गहू, जवळजवळ झोपवला. त्यानंतर नॉर्थ डकोटात आलेल्या ‘लँग्डन’ या ड्युरम वाणाच्या वंशावळीत खपली आहे.

एसआर-१३ हे जनुक नेमके कोणते, याचा छडा कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१७ मध्ये लावला. तेही वर वर्णन केलेल्या पहारेकऱ्यांच्याच घराण्यातले निघाले. थंड हवेपेक्षा उबदार हवेत ते अधिक चांगले काम करते. काळा तांबेरा उबेतच वाढतो, त्यामुळे हा गुण मोलाचा.

मग एवढी जनुके असताना वाण का पडतात?

कारण आपण एकच कुलूप लाखो दारांना लावतो. हरितक्रांतीचा पाया ठरलेले ‘कल्याणसोना’ १९७०च्या दशकात तांबेऱ्याला बळी पडू लागले. पुढे १९९५ मध्ये आलेल्या ‘पीबीडब्ल्यू ३४३’ने पंजाब-हरियाणाचा मोठा भाग व्यापला. २००१ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याचा एक नवा वंश सापडला, त्याने या वाणाचा प्रतिकार मोडला आणि काही वर्षांत ते शेतातून हटवावे लागले. लाखो हेक्टरवर एकच वाण असते तेव्हा बुरशीला एकच कोडे सोडवायचे असते. ते सोडवणारा एखादा बीजाणू कोट्यवधींत कुठे तरी जन्मतो, आणि मग पुढचे सगळे शेत त्याचेच.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण युगांडातले. राय या धान्यातून गव्हात आलेले एसआर-३१ हे जनुक जगभरच्या असंख्य वाणांत होते, पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही. काही दशके ते अभेद्य ठरले. इतके, की काळा तांबेरा हा इतिहासजमा रोग मानून त्यावरचे संशोधन अनेक देशांनी आवरते घेतले. १९९८ मध्ये युगांडाच्या एका प्रयोगक्षेत्रात एसआर-३१ असलेल्या गव्हावर फोड दिसले. पुढच्या वर्षी या वंशाला ‘युजी-९९’ हे नाव मिळाले. तिथून तो केनिया, इथिओपिया, येमेन करत २००७ पर्यंत इराणमध्ये पोहोचला. वाटेत त्याचे नवे भाऊबंद निघाले. केनियात २००६ मध्ये एसआर-२४ हे आणखी एक भरवशाचे जनुक पडले. नव्वदीला टेकलेल्या नॉर्मन बोरलॉग यांनी तेव्हा धोक्याची घंटा वाजवली. बोरलॉग हे स्टॅकमन यांचेच विद्यार्थी. भारतीय वाणे केनियातील एन्जोरो इथे नेऊन तपासण्यास सुरुवात झाली. युजी-९९ भारतात आल्याची नोंद नाही. तपासलेल्या अनेक जनुकांपैकी युजी-९९ पुढे टिकलेल्या मोजक्या जनुकांत खपलीचे एसआर-१३ होते.

इथिओपियाचा अनुभव अधिक बोलका आहे. तिथे २०१० मध्ये पिवळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. शेतकऱ्यांना ‘दिगालू’ हे वाण दिले गेले. ते पिवळ्या तांबेऱ्याला दाद देत नव्हते आणि युजी-९९ लाही पुरून उरत होते. शेतकऱ्यांनी ते उत्साहाने पेरले. २०१३ च्या अखेरीस त्यावर काळा तांबेरा पडला आणि हजारो हेक्टर गहू गेला. हा वंश युजी-९९च्या कुळातला नव्हताच. सगळ्यांचे लक्ष एका दाराकडे असताना चोर भलत्याच दाराने आला. शेतकऱ्यांनी काय चुकीचे केले होते? काहीच नाही. सांगितलेले, प्रतिकारक म्हणून तपासलेले बियाणेच त्यांनी पेरले होते. एसआर-१३च्या एका रूपाला न जुमानणारे वंशही याच इथिओपियात सापडले आहेत, हे खपलीच्या कौतुकात विसरून चालणार नाही.

यावर उपाय काय?

एक उपाय म्हणजे पहारेकऱ्यांवर विसंबणे कमी करणे. गव्हात काही जनुके अशी आहेत, की ती रोग पूर्ण रोखत नाहीत, पण मंद करतात. फोड लहान येतात, उशिरा येतात, थोडे येतात. ‘एलआर-३४’ हे त्यातले नावाजलेले. शतकभर वापरात असूनही ते पडलेले नाही. २००९ मध्ये कळले की हे पहारेकरी नसून पेशीत पदार्थांची ने-आण करणारे एक प्रथिन आहे. ते बुरशीचा कुठलाही एक चेहरा ओळखत नाही, म्हणून चेहरा बदलून बुरशीला सुटता येत नाही. याची अडचण अशी, की शेतात थोडा तांबेरा दिसतोच. स्वच्छ, निष्कलंक पीक पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना, आणि कधी कधी वाण निवडणाऱ्या समित्यांनाही, ते पटत नाही. खरे तर दीर्घकाळ टिकणारा प्रतिकार असाच थोडा मळकट दिसतो.

दुसरा उपाय, एका वाणात तीन-चार जनुके एकत्र आणणे. एकाच वेळी सगळी कोडी सुटण्याची शक्यता बुरशीसाठी फारच कमी होते. पारंपरिक संकराने हे करायला वर्षे लागतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या जनुके विखुरतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने पाच जनुके एका साखळीत बसवून गव्हात घातल्याचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही जनुके एकत्रच वारशाने जातात. पण हा गहू जनुकीय सुधारित ठरतो आणि त्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळा.

झाडाला आधीच सावध करण्याचीही एक वाट आहे. पानाच्या एका भागावर हल्ला झाला, की उरलेले झाडही काही दिवस सतर्क राहते. हे १९६१ मध्ये तंबाखूवर सिद्ध झाले, आणि १९७९ मध्ये तंबाखूला ॲस्पिरिन देऊनही तोच परिणाम साधता येतो असे दिसले. यामागे सॅलिसिलिक आम्ल आहे. ॲस्पिरिन त्याचेच भावंड. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून अनेक फवारण्या आज कृषी सेवा केंद्रांत मिळतात त्या याच तत्त्वाचा हवाला देतात. तत्त्व खरे आहे, प्रत्येक बाटली खरी असेलच असे नाही. पक्क्या शिफारशीशिवाय त्यावर खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने काय करावे?

वाण जुने झाले की बदलावे, हे पहिले. घरचे बियाणे उगवते, उत्पन्नही देते, पण त्याचा प्रतिकार शाबूत आहे का हे बियाण्याकडे पाहून कळत नाही. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पुण्यातील आघारकर संशोधन संस्था यांची तांबेरा-प्रतिकारक वाणे उपलब्ध आहेत. खपलीतही आता आघारकरचे ‘एमएसीएस २९७१’ आणि धारवाडचे ‘डीडीके १०२९’ अशी बुटकी, न लोळणारी वाणे आली आहेत. गावातल्या सगळ्यांनी एकच वाण पेरण्यापेक्षा दोन-तीन वाणे असणे हिताचे. पेरणी उशिरा झाली तर पीक उबदार दिवसांत सापडते आणि काळ्या तांबेऱ्याला आयते मिळते. युरिया जास्त झाला की पाने लुसलुशीत होतात, गर्दी वाढते, दव लवकर सुकत नाही, तेही टाळावे. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ, दमट हवा असेल तर बांधाकडच्या आणि सखल भागातल्या पानांवर नजर ठेवावी. बुरशीनाशक उपयोगी पडते ते पहिले फोड दिसताच. शेत तांबडे झाल्यावर मारलेली फवारणी खिशाला तेवढी भारी पडते. औषध आणि प्रमाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावे.

आणखी एक काम सहसा कोणी करत नाही. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर तांबेरा दिसला, तर तो कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवणे. देशात तांबेऱ्याचे नमुने तपासून वंश ओळखण्याचे काम मेहतांनी सुरू केलेल्या शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात चालते, आणि दक्षिण व मध्य भारतातल्या काळ्या-तपकिरी तांबेऱ्यासाठी महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. पर्यटकांना स्ट्रॉबेरीसाठी ठाऊक असलेल्या या थंड गावात तांबेरा सहज वाढतो, म्हणूनच ते निवडले गेले. नमुना पाठवायला फारसे काही लागत नाही. रोग पडलेली चार-सहा पाने सावलीत सुकवून साध्या कागदी पाकिटात घालायची आणि वर वाण, गाव व तारीख लिहायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत. ओलाव्याने पाने कुजतात आणि बीजाणू वाया जातात.